गुरुजींच्या पानांचे समास

महाडात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं एक दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, दोन खुर्च्या आणि मी. पाटीवर ‘संगणकीय अक्षरजुळणी’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘सर्व कामे सुबकपणे केली जातील’. पाटी मीच रंगवली होती, त्यामुळे ‘सुबकपणे’ या शब्दाला दुसरा साक्षीदार नव्हता. तेव्हा मी तिशीच्या आतबाहेर होतो. गावच्या नाटकांत खलनायक करायचो आणि दुकानातही तसाच वागायचो. गिऱ्हाईक दारात आलं की खुर्ची गर्रकन फिरवायची, एक भुवई वर न्यायची आणि घशातून म्हणायचं, “बोला!” लग्नपत्रिका घेऊन आलेला मुलीचा बाप तिथंच दचकायचा. मला फार मजा यायची.

ही हकीकत मी कित्येकदा मैफलीत सांगितली आहे. आवाज काढतो, हातवारे करतो, लोक पोट धरून हसतात. पण दरवेळी हसू येतं तिथंच थांबतो आणि चहा मागवतो. पुढचं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लिहून बघतो.

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर डोंगरावर एक वाडी आहे. तिथले एक निवृत्त शिक्षक एका पावसाळ्यात माझ्या दुकानात आले. छत्री होती, पण ती त्यांनी डोक्यावर न धरता पोटापाशी धरली होती. स्वतः चिंब. शर्टाच्या आतून त्यांनी मेणकापडाची एक पुरचुंडी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि मग डोकं पुसलं. त्यात हाताने लिहिलेल्या दोन वह्या होत्या.

वाडीवर लिहिलेलं पुस्तक होतं ते. कुठल्या खाचराला काय नाव, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, कोणाचा बैल कुठल्या कड्यावरून गेला, शाळेत पहिल्या दिवशी कोण रडलं. वाडीत तेव्हा माणसं कमी आणि कुलपं जास्त झाली होती. तरणी पोरं बिरवाडीला खोल्या घेऊन कंपनीत लागलेली, बाकीची मुंबईला. गुरुजी म्हणाले, “मी गेलो की हे सांगणारं कोणी नाही. म्हणून छापायचं.”

“छापू की!” मी म्हणालो. “असं लावतो की मुंबईचे प्रकाशक विचारत येतील.”

“ते नको यायला. तू फक्त समास मोठा सोड.”

मी सोडला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, “अजून.” मी अजून सोडला. “अजून थोडा.” मी म्हणालो, “गुरुजी, कागदावर लिखाण ठेवायचंय की गुरं चारायचीत?” त्यावर ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मग डोळे पुसत म्हणाले, “अरे, हातात धरलेलं पान समोरच्या माणसाला दिसलं पाहिजे. माझ्या बोटांखाली जाऊन कसं चालेल?” समोरचा माणूस कोण, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मास्तरांची सवय. वर्गाला पुस्तक दाखवत असतील.

दर आठवड्याला ते उतरायचे, प्रूफं न्यायचे, पुढच्या आठवड्यात दुरुस्त्या आणायचे. सगळं झाल्यावर मी जाड पांढऱ्या कागदावर शेवटची प्रत काढली. तिच्यावरूनच छपाई व्हायची होती. गुरुजींनी ती घरी नेली आणि प्रत्येक पानाच्या खालच्या समासात पेन्सिलीनं बारीक ‘ठीक’ लिहिलं. मला दाखवायला एकदा आणली होती. म्हणाले, “छपाईचं जमवतो आणि येतो.” त्यानंतर आले नाहीत. दिवाळीनंतर पोलादपूरच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं, गुरुजी गेले. छातीत पाणी झालं होतं.

मध्ये एक पावसाळा गेला. नंतर एका सकाळी दारात एक बाई उभी राहिली. साठीच्या आसपास वय, नऊवारी, हातात तीच मेणकापडाची पुरचुंडी. मी सवयीनं खुर्ची फिरवली, भुवई उचलली, “बोला!” केलं. बाई काही दचकली नाही. म्हणाली, “तूच काय रे तो नाटक्या? हे म्हनायचे, पोरगा हुशार हाय, पन बसल्या जागी नाचतो.”

मी तिला काकी म्हणू लागलो. तिनं सांगितलं की मुंबईला असलेल्या वाडीच्या माणसांनी गुरुजींचं पुस्तक छापायचं मनावर घेतलंय. त्यांतला एक जण वह्यांच्या कारखान्यात कामाला आहे. त्यानं तिथला उरलेला कागद मिळवून ट्रकनं थेट छापखान्यात पाठवला होता. हौसेनं, चांगल्या मनानं पाठवलेला. फक्त तो कागद आधीच वहीच्या मापाचा कापलेला होता. पुस्तक केवढं आहे हे कोणी विचारलंच नव्हतं. गुरुजींचं पान त्यावर ठेवलं तर चारही बाजूंनी दीड-दीड बोट बाहेर येत होतं.

“काही अडत नाही,” मी म्हणालो. “पान थोडं लहान करू.”

“कर. पन एक ओळ हलता नये. जिथं हाय तिथंच राहिली पायजे.”

“नाही हलणार काकी.”

“शपथ?”

“रंगदेवतेची!” मी छातीवर हात ठेवला. काकी म्हणाली, “ती कोन गो बाई?” आणि पुरचुंडी ठेवून गेली.

आता ऐका माझा पराक्रम. मी फ्लॉपी काढली तर तिच्या चकतीवर पांढरी बुरशी. कोकणात पावसाळ्यात चपलांना येते, लोणच्याला येते, फ्लॉपीला न यायला तिचं काय नातं? कॉम्प्युटरमधली मूळ फाइलही मध्यंतरी पुसली गेली होती. म्हणजे गुरुजींचं जुळवलेलं पुस्तक आता जगात फक्त त्या मेणकापडात होतं. मी विचार केला, परत टाइप करू, लहान पानात बसवू, ओळी पडतील तशा पडतील. विरामचिन्हासकट मजकूर तोच असेल. ओळ कुठं तुटते हे वाडीवर बसून कोणाला कळणार आहे? मी पहिली दहा-बारा पानं टाइप केली आणि काकी पुढच्या आठवड्यात आली तेव्हा दोन्ही हातांवर ठेवून, मान झुकवून, तिला अर्पण केली.

तिनं पहिलं पान घेतलं आणि हात लांब करून धरलं. बाजारात जनावर जरा दूर उभं करून बघतात तसं. मग दुसरं. मग तिसरं.

“हे त्यांचं नाय.”

“काकी, अक्षर न् अक्षर तेच आहे. वाचून बघा.”

“मला कुठं वाचता येतं रे?”

नाटकात संवाद विसरल्यावर करतो तसं मी उगाच हातातली पानं सारखी केली. मग हळूच विचारलं, “मग हे त्यांचं नाही, हे कशावरून?”

तिनं पुरचुंडी सोडली. एक पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. “ह्याच्यात बघ, पायऱ्या पडल्यात. हे आमच्या वरकसाचं. डोंगरात नाचणी लावायची ती जागा. ह्याच्यात मधी एक खिडकी हाय, ते झऱ्याचं. हे बारक्या बारक्या ओळींचं, त्यात गुरांची नावं.” एक पान चार ओळींचं होतं, बाकी सगळं कोरं. ते तिनं काढलं नाही, नुसतं बोटानं दाखवलं. “हे आमच्या थोरलीचं. तापानं गेली ती.”

संध्याकाळी गुरुजी पडवीत बसून पान हातात धरायचे आणि वाचायचे. ती समोर बसून तांदूळ निवडत ऐकायची. नजर पानावर असायची. शेवटच्या त्या काही महिन्यांत त्यांनी पुस्तक असं कितीतरी वेळा वाचलं होतं. ते गेल्यावर एकदा तिनं सहज पान उचललं, तसंच लांब धरलं, आणि तिला आवाज ऐकू आला.

“म्हंजे आठवतं म्हन,” ती म्हणाली. “पन नुसतं आठवायला गेलं तर येत नाय. कागद समोर धरला की येतो.”

मी मूळचा खोडकर. मला कुठला धीर? मी पानं पिसली, मधलंच एक काढलं आणि तिच्यासमोर धरलं. तिनं क्षणभर बघितलं आणि सुरू झाली. मी वाचत होतो आणि ती बोलत होती. शब्दाला शब्द नसेल, पण वाक्याला वाक्य लागत होतं. गुरुजी जिथं थांबत असतील तिथं थांबतही होती. दुसरं पान, तिसरं पान. एक मुद्दाम उलटं धरलं. “गाढवा, सरळ धर,” म्हणाली. शेजारच्या हॉटेलवाल्याला मी बोलावून आणलं, तोही कपबशी हातात घेऊन उभा राहिला. मैफलीत मी ही नक्कल करतो तेव्हा टाळ्या पडतात.

“गुरुजींनी सगळ्या वाडीला शिकवलं,” मी म्हणालो, “आणि घरात नाही?”

“शिकवत होते की. मीच नाय म्हटलं. मला वाचता आलं असतं तर त्यांनी वाचून दाखवलं असतं होय रे?”

निघताना तिनं पानांच्या कडांवर हात फिरवला. रोज हाताळून त्या मऊ पडल्या होत्या, काही दुमडल्या होत्या. “हे काय लय टिकायचं नाय. पुस्तक झालं की बरं. बांधलेलं असतं, टिकतं. मला तेवढंच पायजे. त्यांचा आवाज येत राहिला पायजे.”

मैफलीत मी इथं चहा मागवतो.

आता पुन्हा टाइप करणं नाही, ओळी हलवणं नाही. मी ठरवलं, फक्त समास कापायचे. मजकुराचा चौकोन आहे तसा राहील, भोवतीचं कोरं तेवढं जाईल. मी वहीच्या कागदाच्या मापाचा पुठ्ठा कापला, स्टीलची पट्टी घेतली, नवं ब्लेड घेतलं. प्रत्येक पानावर मजकूर बरोबर मधोमध येईल असा पुठ्ठा ठेवायचा, पट्टी दाबायची आणि ब्लेड एका दमात ओढायचं. दोन दिवस दुकान अर्धं बंद ठेवून मी हेच केलं. हात इतका बसला की कापलेल्या समासाची पट्टी स्वतःभोवती गुंडाळत खाली जायची आणि मी तोंडानं तबला वाजवायचो. एका अक्षराला धक्का लागला नाही, एका वेलांटीलाही नाही. आयुष्यात इतकं सुबक काम मी त्याआधी केलं नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या पानाला लक्षात आलं की खालच्या पट्टीबरोबर गुरुजींचं ‘ठीक’ जातंय. मी थांबलो होतो, हे मला आठवतं. पण मनात आलं, ‘ठीक’ काय पुस्तकात छापायचं नाही. आणि पुढचं पान घेतलं. संध्याकाळी पट्ट्यांचा ढीग शेजारच्या हॉटेलवाल्यानं भट्टी पेटवायला नेला.

छापखाना भाईंचा होता. आखातात बरीच वर्षं छपाईचंच काम करून ते परत आले होते आणि महाडातच यंत्र टाकून बसले होते. मी पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. भाईंनी वरची चार पानं उलटून बघितली, कडेवरून अंगठा फिरवला.

“ही कापलीस कशाला?”

“कागद लहान आहे ना, भाई.”

“छापायचा कागद लहान आहे. मूळ प्रत कशाला लहान करायची? निळ्या पेन्सिलीनं चार कोपऱ्यांत चार खुणा केल्या असत्या तर मी तेवढाच भाग घेतला असता. फिकट निळं छपाईच्या प्लेटवर उठतच नाही. तुला किती वेळा दाखवलंय!”

दाखवलं होतं. माझ्या टेबलाच्या खणात निळी पेन्सिलही होती.

“जाऊ द्या हो,” मी म्हणालो. “एक ओळ हलली नाही, बघा तरी.”

“बाईला विचारलं होतंस?”

“तिनंच सांगितलं, ओळ हलू देऊ नको. ओळीबद्दलच बोलली ती.”

भाईंनी हात पुसले आणि यंत्राकडे गेले. मला राग आला. एवढं कोरीव काम, आणि माणूस ‘छान’ म्हणत नाही.

पुस्तकं तयार झाली. वरचं कव्हर साधं, हिरव्या जाड कागदाचं. काकी न्यायला आली. मी तिला खुर्चीत बसवलं, पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं आणि समोर उभा राहिलो. तिनं हात लांब केले. बघितलं. पान उलटलं. पुन्हा बघितलं. मग पुस्तक जवळ आणलं, मग पुन्हा लांब नेलं. पुस्तक उघडं राहावं म्हणून तिनं अंगठे दाबून धरले होते आणि दोन्ही अंगठे ओळींच्या टोकांवर आले होते. मी पुढं होऊन ते बाजूला केले, पुस्तक मीच धरलं.

“हे कुठलं?” तिनं विचारलं.

“अहो काकी, वरकसाचं! ह्या काय पायऱ्या.”

“पायऱ्या हायत,” ती म्हणाली. “पन हे वरकस नाय.”

माझे वडील गेले तेव्हा मी डोकं, मिशी सगळं उतरवून घरी आलो होतो, आणि चार वर्षांची माझी पुतणी मला बघून आईच्या मागं लपली होती. नाक तेच, डोळे तेच, आवाजसुद्धा तोच. तरी ती आली नाही. काकी पानाकडे बघत होती तेव्हा मला ते आठवलं. ओळ हलली नव्हती. पण तिच्या डोळ्यांनी इतके दिवस नुसत्या ओळी बघितल्याच नव्हत्या. भोवतीच्या पांढऱ्यात ओळी कशा बसल्या आहेत, ते बघितलं होतं. ते पांढरं हॉटेलच्या भट्टीत गेलं होतं.

“थांबा, मूळची पानं दाखवतो,” मी म्हणालो आणि कपाट उघडलं. उघडताना कळलं की काय दाखवणार आहे, पण हात तोवर आत गेला होता.

काकीनं पानं मांडीवर घेतली. मऊ पडलेल्या कडा नव्हत्या. तिनं नव्या, धारदार कडेवरून बोट नेलं.

“ठीक कुठं गेलं?”

मी सांगितलं. हॉटेल, भट्टी, सगळं. खोटं सांगावंसं वाटलं होतं आणि मला ते उत्तम जमतंही, पण सुचलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “तुला मीच सांगितलं, ओळीचं तेवढं बघ.” स्वतःवरच घेतलं तिनं.

मी घाईघाईनं पुस्तक उचललं. “मी वाचतो काकी. ऐका.” आणि माझ्या सगळ्यात चांगल्या आवाजात, खर्जात, झऱ्याचं पान सुरू केलं. तीन ओळी झाल्यावर तिनं हात वर केला.

“नको रे. ह्या आवाजानं तो पन जाईल.”

ती गेल्यावर मी मोठे पांढरे कागद आणले. खळ केली आणि कापलेलं प्रत्येक पान एकेका मोठ्या कागदाच्या मधोमध चिकटवलं. गुरुजींच्या समासाचं माप मला आठवत होतं, तेवढं अचूक सोडलं. सगळी वाळवून, दाबून, गठ्ठा काखोटीला मारून पोलादपूरला उतरलो, कापड्याची गाडी घेतली आणि डोंगर चढलो. वाडीत कुत्र्याशिवाय कोणी माझ्यावर भुंकलं नाही, कारण दुसरं कोणी नव्हतंच. दोन-तीन घरं उघडी, बाकी बंद.

काकीनं मला पडवीत बसवलं. जिथं गुरुजी बसायचे तिथं नाही, जरा बाजूला. मी पान धरलं, ती समोर बसली.

गुरांच्या नावांचं पान आलं. “आवाज येतो,” ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. थोरलीचं चार ओळींचं पान तिनं बघताक्षणी हातातून घेतलं आणि मांडीखाली ठेवलं. वरकस आलं. झरा आला. मग भरगच्च पानं सुरू झाली, आणि ती थांबू लागली. “नाय येत.” पुढचं. “नाय.” चिकटवल्या जागी पानाची कड उठून दिसत होती, चौकटीत चौकट. खळीनं कुठं सुरकुती पडली होती.

मग पुन्हा ‘येतो’ सुरू झालं. “हे शाळेचं. येतो. हे... होळीचं. येतो.” मला आनंद झाला. तीन-चार पानं झाली आणि ती एकदम म्हणाली, “थांब. मी तुझ्या तोंडाकडं बघून सांगतेय.”

खरं होतं ते. ती अंदाज करत होती आणि बरोबर आलं की माझी भुवई वर जात होती. स्टेजवर ज्या चेहऱ्यावर मी वर्षानुवर्षं मिरवलो, तो मला अर्धा तास कोरा ठेवता आला नाही. मी पान तोंडासमोर धरलं, पार डोक्याच्या वर. मग “नाय.”

शेवटी दोन गठ्ठे झाले. आवाज येणारी पानं तिच्या मांडीपाशी, थोडीच. न येणाऱ्यांचा गठ्ठा मोठा. तो तिनं सुतळीनं बांधला आणि माझ्याकडे सरकवला.

“हे तू ने.”

“काकी, तुमचं आहे ते. गुरुजींचं आहे.”

“पुस्तकात हाय की सगळं. वाडीची पोरं वाचतील, ज्यांना येतं ती.” मग जरा थांबून, “घरात असलं की मी सारखी काढून बघत बसन. तू ने.”

तिनं मला भाकरी वाढली, सुकटीची चटणी वाढली. मी जेवलो. गंमतीचं काहीतरी बोललो, ती हसलीही. मी निघालो. अंगणात चपला घालत होतो तर मागं ती एकटीच बसलेली, उरलेली पानं एकेक करून हात लांब करून धरत होती. मी बांधापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात हाक आली.

“ए नाटक्या, थांब जरा.”

मी परत फिरलो. तिच्या हातात शाळेचं पान होतं, मघाशी माझ्या भुवईवरून ओळखलेलं.

“हे पन ने,” ती म्हणाली.